चकाकी सगळ्यात शेवटी

लाकडी मॉडेल बोटीचा रंग फुटायला लागला, की पहिली रेघ बहुतेक वेळा फळ्यांच्या सांध्यावर उमटते. बारीकशी, नाळेपासून पिछाडीकडे धावणारी. मालक रंगाला दोष देतो, पुढच्या वेळी महागडा रंग आणतो, आणि मोसम संपता संपता तीच रेघ त्याच जागी परत हजर होते. रंग बिचारा निर्दोष असतो. त्याच्याखालचं लाकूड हललेलं असतं.

पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतं, हे घरोघरी पाहिलेलं आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं, फुगतं. ओलावा सोडतं, आकसतं. ही हालचाल सगळ्या दिशांना सारखी नसते. रेषांच्या लांबीत लाकूड जवळपास बदलतच नाही, आडवं मात्र चांगलंच बदलतं. १०० मिलिमीटर रुंद फळीतला ओलावा ५ टक्क्यांनी वाढला, की लाकडाची जात आणि काप यांनुसार ती साधारण एक मिलिमीटरने रुंद होते. वरचा रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. फळी सरकली, की सांध्यावर रंगाला फाटण्यावाचून गत्यंतर नसतं.

मोठ्या लाकडी जहाजांनी या स्वभावाशी जुळवून घेतलं होतं. फळ्यांच्या फटींत कापूस किंवा काथ्या ठोकायचा, वरून राळ आणि तेल लावायचं, आणि जहाज पाण्यात उतरलं की फळ्या फुगून फटी आपोआप आवळल्या जायच्या. पश्चिम किनाऱ्यावर होड्यांना माशाचं तेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल चोपडायची रीत होती. गोव्यात बांधलेलं आणि २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज तर काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, जुन्या पद्धतीनेच उभं राहिलं.

मॉडेल बोटीला ही सवलत नाही. तिच्या फळ्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या. रविवारी सकाळी दोन तास तळ्यात, उरलेला आठवडा कपाटावर पंख्याखाली. भिजणं आणि सुकणं या फेऱ्यांत पातळ पट्ट्या वाकतात, सांधे उघडतात, आतला सर्व्हो, म्हणजे सुकाणू फिरवणारी छोटी मोटर, आणि बॅटरी ओली होते. म्हणून इथे लाकडाला हलू द्यायचं नाही, हाच एक उपाय उरतो. त्यासाठी त्याला आतून-बाहेरून असं बंद करायचं, की पाणीच काय, पाण्याची वाफही सहजासहजी आत जाणार नाही. हे काम इपॉक्सी करतं. त्यातून मिळणारी काचेसारखी चकाकी डोळ्यांत भरते खरी, पण कामाच्या हिशेबात ती सगळ्यात खालच्या ओळीत येते.

लाकूड आणि इपॉक्सी यांचं लग्न मोठ्या प्रमाणावर लावून दिलं ते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या बे सिटी गावच्या गुजन बंधूंनी. मीड, जॅन आणि जोएल हे तिघे भाऊ गोठलेल्या पाण्यावर धावणाऱ्या आइसबोटी बांधायचे. १९६९ मध्ये त्यांनी बोटी बांधणाऱ्यांसाठी इपॉक्सी विकायला सुरुवात केली आणि त्याला ‘वेस्ट सिस्टिम’ हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, मीड यांची ‘अडाजिओ’ ही तीन अंगांची शिडाची बोट पाण्यात उतरली. तिच्या लाकडाचे सांधे खिळे-स्क्रूंच्या नव्हे, इपॉक्सीच्या भरवशावर होते, आणि सगळं लाकूड इपॉक्सीनेच बंद केलेलं होतं. ती पुढे कित्येक दशकं शर्यतीत उतरत राहिली.

हीच विचारसरणी आपल्या जवळही पोचली. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस शिपयार्डने बांधलेली ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका २००९ मध्ये नौदलाकडे आली. लाकडी गाभा आणि त्यावर काचतंतू व रेझिनचं कवच अशी तिची बांधणी. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. टेबलावर ठेवलेली मीटरभर लांबीची लाकडी बोट ज्या पद्धतीने बंद केली जाते, तिचंच हे थोरलं रूप.

इपॉक्सी घरात नवं नाही. १९३०च्या दशकात स्विस रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्टां यांनी त्यावर काम केलं, सिबा कंपनीने ते पुढे नेलं आणि १९४६ मध्ये ‘अराल्डाइट’ बाजारात आलं. फुटलेल्या कपाचा कान चिकटवणाऱ्या त्या दोन ट्यूबा म्हणजे इपॉक्सीच. गळक्या पाइपावर मळून लावायचं एम-सीलही त्याच कुळातलं. मात्र बोटीवर ट्यूबमधलं दाट इपॉक्सी चालत नाही. तिथे हवं ते पातळ, लाकडात मुरणारं, कापड भिजवणारं रेझिन. ‘लॅमिनेटिंग रेझिन’ म्हणून ते वेगळं मिळतं.

रंग सुकतो, म्हणजे त्यातला द्रावक उडून जातो. इपॉक्सी सुकत नाही. रेझिन आणि हार्डनर यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन एक जाळं तयार होतं आणि द्रवाचा घन होतो. म्हणून प्रमाण हा इथला पहिला कायदा. वेस्ट सिस्टिमच्या नेहमीच्या जोडीत पाच भाग रेझिनला एक भाग हार्डनर लागतो. पारदर्शक कामाच्या खास हार्डनरला तीनास एक. इतर कंपन्यांचं गणित आणखी वेगळं. काही डब्यांवर प्रमाण आकारमानाचं असतं, काहींवर वजनाचं, आणि दोन्ही एकच समजून केलेलं मिश्रण आठवडाभर चिकट राहतं. लवकर घट्ट व्हावं म्हणून दोन थेंब हार्डनर जास्त घालणं ही पॉलिएस्टर रेझिनवाल्यांची सवय. इपॉक्सीत तिची शिक्षा मिळते: जास्तीच्या हार्डनरला जोडीदारच मिळत नाही, तो तसाच आत पडून राहतो आणि थर मऊ पडतो. वेग हवा असेल तर जलद हार्डनर विकत घ्यायचा, प्रमाणाला हात लावायचा नाही.

दुसरा कायदा उष्णतेचा. ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते. खोल कपात शंभर ग्रॅम मिश्रण गप्पा मारत ठेवलं, तर ते तापतं, तापल्याने क्रिया आणखी भडकते, आणि थोड्याच वेळात कपातून धूर निघून आत पिवळा दगड उरतो. तेच मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओतलं तर उष्णता निघून जाते आणि हाताला वेळ मिळतो. डब्यावरचे आकडे थंड देशांच्या खोलीचे असतात. वेस्टच्या मंद हार्डनरला २२ अंश सेल्सियसला २० ते २५ मिनिटं मिळतात. तापमान १० अंशांनी वाढलं, की वेळ ढोबळमानाने निम्मा होतो, म्हणजे मुंबईच्या ३२ अंशांत हातात दहा-बारा मिनिटं. त्यामुळे आपल्याकडे मंद हार्डनर घ्यावा आणि एका वेळी थोडंच कालवावं, हे ओघाने आलं.

या सगळ्याच्या आधी येतो तो घासकामाचा भाग, आणि तोच सर्वांत कंटाळवाणा. फळ्या चिकटवून झालेल्या हलला, म्हणजे बोटीच्या अंगाला, उंचवटे आणि खळगे असतात. हाताच्या पंजात पॉलिश पेपर धरून घासलं तर बोटांच्या दाबाने नवे खळगे पडतात. अनुभवी माणसं लांब, किंचित लवचिक पट्टीवर ८० नंबरचा पेपर चिकटवतात आणि तिरक्या दिशेने, आलटूनपालटून घासतात. आधी अंगभर पेन्सिलीने रेघोट्या ओढायच्या. घासल्यावर जिथे पेन्सिल शिल्लक राहते, तिथे खळगा. तो भरायला बाजारातली रंगाऱ्याची लांबी कामाची नाही. ती पाणी पिते. इपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे सूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी पूड, कालवून केलेली लांबी वजनाला हलकी आणि घासायला सोपी. लाकूड उघडं दिसायला हवं असेल तर त्याच लाकडाचा बारीक भुसा वापरतात, तोही गडद पडतो हे लक्षात ठेवून. मग १२० आणि फार तर १८० नंबर. त्यापुढे गुळगुळीतपणाचा मोह टाळावा. इपॉक्सीला धरायला थोडा खडबडीतपणा हवा.

छिद्रांची एक खुबी इथेच करून घ्यायची. सुकाणूच्या नळीसाठी किंवा स्क्रूसाठी लाकडात थेट छिद्र पाडलं, तर त्याच्या भिंती उघड्याच राहतात आणि पाणी रेषांच्या टोकांतून आत शिरतं. म्हणून छिद्र आधी दुपटीने मोठं पाडतात, इपॉक्सीने भरतात आणि ते घट्ट झाल्यावर त्यात हव्या त्या मापाचं छिद्र पाडतात. नळी मग लाकडात नाही, इपॉक्सीत बसते.

पहिला हात देताना बहुतेक नवखे एकाच जागी फसतात. सकाळी सगळं तयार असतं, ऊन वाढत असतं, हात सफाईदार बसतो, आणि अर्ध्या तासाने गुळगुळीत अंगावर बारीक बुडबुड्यांची पुरळ उठते. लाकूड पोकळ पेशींनी बनलेलं असतं, त्यांत हवा असते. खोली तापत गेली, की ती हवा प्रसरण पावते आणि घट्ट होऊ घातलेल्या रेझिनमधून बाहेर पडते. उपाय फुकटातला आहे: काम दुपार उलटल्यावर, तापमान उतरणीला लागल्यावर करायचं. लाकूड थंड होत गेलं की आतली हवा आकसते आणि रेझिनला बुडबुडे होऊन उचलण्याऐवजी आत ओढून घेते. रेझिन जास्त मुरावं म्हणून त्यात थिनर घालणारे बरेच असतात. थिनरने ते मुरतं खरं, पण द्रावक उडाल्यावर थरात सूक्ष्म वाटा राहतात आणि वाफ अडवण्याची ताकद घटते. ज्यासाठी इतका खटाटोप, तेच हातचं जातं. त्यापेक्षा रेझिन आणि लाकूड किंचित कोमट ठेवलं, की तेवढाच पातळपणा मिळतो. आतल्या बाजूलाही किमान दोन हात हवेतच. बाहेरून बंद आणि आतून उघडं लाकूड वाकणारच.

मग काचतंतूंचं कापड. ते चौरस मीटरला २५ ग्रॅमपासून मिळतं. मॉडेलसाठी २५, ५० किंवा फार तर ८० ग्रॅमचं पुरतं. ते लाकडाला टणकपणा देतं, तळ्याच्या काठावरच्या दगडाचा ओरखडा झेलतं, आणि ओलं झालं की दिसेनासं होतं. कोरडं कापड हलवर पसरून हाताने हळूच सपाट करायचं, मधोमध थोडं रेझिन ओतायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने टोकांकडे ओढत न्यायचं. जुनं एटीएम कार्ड याला उत्तम. कापड भिजलं की पांढुरकेपणा जातो. जिथे चांदीसारखी चमक राहते तिथे खाली हवा अडकली आहे, आणि जिथे कापड तरंगताना दिसतं तिथे रेझिन जास्त झालं आहे. पट्टीने जास्तीचं काढून टाकायचं. नाळेच्या धारेवर कापड सरळ बसत नाही. तिथे तिरक्या धाग्यांची वेगळी पट्टी लावतात, कारण तिरकं कापड वळणावर निमूट बसतं.

रेझिनमध्ये हात आखडता घ्यायचं कारण वजन. रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या बोटींत इंटरनॅशनल वन मीटर हा जगभर खेळला जाणारा वर्ग आहे. बोटीची लांबी जास्तीत जास्त एक मीटर, एकूण वजन किमान ४ किलो, त्यातलं जास्तीत जास्त अडीच किलो खालच्या कीलमध्ये. कीलला पूर्ण वजन द्यायचं तर हल, डेक, डोलकाठी, शिडं, सर्व्हो, बॅटरी हे सगळं दीड किलोत बसवावं लागतं. हलमध्ये कार्बन तंतूंना नियमाने मनाई आहे, लाकूड आणि काचतंतू मात्र चालतात. म्हणून घरी पट्ट्यांनी बांधलेल्या बोटीही या शर्यतीत उतरतात. अशा हलचं बाहेरचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटरच्या पुढेमागे धरलं, तर ५० ग्रॅमचं कापड फक्त १२-१३ ग्रॅम भरतं. पण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा इपॉक्सीचा एकेक हात जवळपास ३० ग्रॅम. निष्काळजीपणे दिलेले तीन जाड हात दीड किलोच्या शिदोरीतला मोठा घास खाऊन जातात. घासताना यातलं बरंच परत निघतं, पण तोवर कोपरं भरून आलेली असतात.

कापडाची वीण भरायला वर दोन-तीन पातळ हात लागतात. आधीचा हात पूर्ण घट्ट होण्याआधी, हातमोज्यातला अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण रेझिन मोज्याला लागत नाही अशा अवस्थेत, पुढचा हात दिला तर दोन थर रासायनिक बंधाने एकजीव होतात. ही वेळ टळली तर रात्र जाऊ द्यायची, धुवायचं, घासायचं, मग पुढे जायचं.

‘धुवायचं’ हा शब्द नवख्यांना खटकतो, पण दमट हवेत तोच कळीचा. हार्डनरमधली अमाइनं हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा धरतात. त्याला अमाइन ब्लश म्हणतात. त्यावर रंग दिला तर तो जागोजागी आक्रसून गोल डोळे पडतात, किंवा महिन्याभराने सालीसारखा सुटतो. हा पापुद्रा घासून जात नाही. पेपर त्याला नुसता पसरवतो आणि स्वतः गच्च होतो. थिनरनेही नीट जात नाही. साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी पुरते, कारण तो पाण्यात विरघळतो. नंतर स्वच्छ कागदाने टिपून घ्यायचं. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो टाळावं, किंवा बंद खोलीत एसी लावून करावं. दमट हवेत आणि थंडीतही नीट घट्ट होणारे फिनालकामाइन जातीचे हार्डनर मोठ्या जहाजांच्या रंगांत वापरतात. ते काजूच्या टरफलाच्या तेलातल्या कार्डॅनॉलपासून बनतात. होड्यांना चोपडलं जाणारं ते जुनं तेल रसायनशाळेतून असं पुन्हा जहाजाच्या अंगावर आलं आहे. त्यांचा रंग मात्र तांबूस, त्यामुळे लाकूड दाखवायच्या मॉडेलला ते उपयोगी नाहीत.

काही दिवस जाऊन थर पुरता कडक झाला, की शेवटची घासणी. आता वॉटर पेपर, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि २२० पासून ३२०, ४०० असं चढत जाणं. अंग हळूहळू निस्तेज पांढरं होतं. जिथे चकाकणारे ठिपके राहतात ते खळगे. सगळे ठिपके जाईपर्यंत घासायचं, पण कापडाची जाळी उघडी पडायला लागली की थांबायचं आणि आणखी एक हात द्यायचा. ओल्या घासणीने धूळही उडत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. अर्धवट घट्ट झालेल्या इपॉक्सीची धूळ आणि कच्चं रेझिन त्वचेला ॲलर्जी आणू शकतं. ती एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते, आणि मग डबा उघडला तरी पुरळ उठते. नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून घालावेत. हाताला लागलेलं रेझिन ॲसिटोनने पुसू नये, द्रावक ते कातडीत आणखी खोल नेतो. साबण-पाणी बरं.

इथवर आलेलं अंग बघून हात थांबवावासा वाटतो. पण उन्हातली अतिनील किरणं इपॉक्सीला पिवळं पाडतात आणि पुढे वरचा थर खडूसारखा भुगा होऊन सुटतो. त्यामुळे वर रंग किंवा अतिनील किरणं अडवणारं व्हार्निश लागतंच. दोन भागांचं पॉलियुरेथेन सर्वांत टिकाऊ. मात्र त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे ते घरात फवारायची वस्तू नाही आणि साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही. घरी ब्रशने लावायचं चांगलं मरीन व्हार्निश बरं. रंगाची छटाही विचारपूर्वक निवडावी. खोलीच्या तापमानात घट्ट झालेलं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काळी किंवा गडद निळी बोट एवढी तापू शकते, आणि मग आरशासारख्या रंगाखालून कापडाची वीण उमटून येते. पांढऱ्या बोटीला हा धोका कितीतरी कमी.

बोट खरोखर बंद झाली का, हे तळ्यावर कळतं. पाण्यात उतरवण्याआधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तिचं वजन लिहून ठेवावं, पाण्यात तास-दोन तास ठेवून बाहेरून पुसावं, आतलं पाणी ओतून पुन्हा तोलावं. दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे चालतात. त्याहून जास्त वाढ दिसली तर रंगाकडे न बघता आधी सुकाणूची नळी तपासावी, मग कीलची खाच, मग डेक आणि हल जुळतात ती कड. सापडलेली जागा पंख्याखाली चार दिवस वाळू द्यावी, ८० नंबरने उघडी करावी आणि तिथे पुन्हा, दुपार उलटल्यावर, थोडंसं इपॉक्सी कालवावं.